घराचं संग्रहालय कसं होतं? : वर्ध्याच्या मगनवाडीची गोष्ट



मागच्या हिवाळ्यात चौथी-पाचवीच्या मुलांना घेऊन आम्ही वर्ध्याला सहलीला गेलो होतो. नेहमीचाच मार्ग. सकाळी पवनार, दुपारी सेवाग्राम आणि परतताना थोडा वेळ होता म्हणून मगन संग्रहालय. खरं सांगायचं तर मगन संग्रहालय आमच्या यादीत "वेळ उरला तर" या रकान्यात होतं.

आत जायच्या आधी मी मुलांना सांगितलं, की ही जागा आधी जमनालाल बजाज या मोठ्या शेठजींची बाग होती, इथं त्यांचा बंगला होता आणि पुढे याच आवारात संग्रहालय झालं. मुलं आत गेली. चरखे पाहिले, घाणी पाहिली. बाहेर आल्यावर पाचवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, शेठजीच्या वस्तू कुठी हायेत? त्याईचा पलंग, तलवार, असं काहीच नाही दिसलं."

तिचं बरोबरच होतं. तिने आधी नागपूरचा अजब बंगला पाहिला होता. मोठ्या माणसाच्या जागी संग्रहालय झालं म्हणजे त्यात मोठ्या माणसाच्याच वस्तू असणार, असं तिला वाटलं. मी तेव्हा वेळ मारून नेली. "बेटा, बस सुटते, नंतर सांगते," म्हटलं. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग त्याच्यामागे लागून जे वाचलं, विचारलं, ते आज इथे लिहिते आहे. वर्ध्याची सहल आपण सगळेच काढतो. ती सहल थोडी वेगळ्या नजरेने काढता यावी, एवढाच हेतू.

आधी एक दूरचं घर

मोठ्या घराचं संग्रहालय साधारणपणे कसं होतं, हे कळलं की मगनवाडीचं वेगळेपण लक्षात येतं. म्हणून आधी एक दूरचं उदाहरण घेऊ, युरोपातल्या डेन्मार्क या छोट्या देशाचं.

डेन्मार्कच्या जटलंड भागात गामेल एस्ट्रुप नावाचा एक जुना जमीनदारवाडा आहे. लाल विटांची मोठी इमारत आणि सभोवती पाण्याचा खंदक. जवळपास सहाशे वर्षं हा वाडा वारसाहक्काने एकाच घराण्याकडे होता. आजूबाजूची शेती त्यांची आणि त्या शेतीवर राबणारी कुळंही जवळजवळ त्यांचीच. "त्यांचीच" हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. डेन्मार्कमध्ये १७३३ साली असा कायदा झाला, की शेतकऱ्याच्या घरच्या पुरुषांना ठरावीक वयात आपल्या जमीनदाराची हद्द सोडून दुसरीकडे राहायला जाता येत नसे. सैन्यासाठी माणसं मिळावीत आणि जमीनदाराच्या शेतीला मजूर कमी पडू नयेत, ही त्यामागची कारणं. शिवाय जमीनदाराच्या शेतावर ठरावीक दिवस फुकट राबावं लागे. आपल्याकडे ज्याला वेठ म्हणतात, तेच. १७८८ साली हे बंधन उठवायला सुरुवात झाली. तिथल्या शेतकऱ्यांच्या इतिहासात हे साल फार महत्त्वाचं मानतात.

पुढे १९१९ मध्ये तिथल्या सरकारने आणखी एक कायदा केला. मोठ्या वतनी जहागिरी अखंड ठेवण्याची जुनी सोय संपली. जमीनदारांना आपल्या मालमत्तेतला हिस्सा सरकारला द्यावा लागला आणि त्यातली जमीन छोट्या शेतकऱ्यांना मिळाली. गामेल एस्ट्रुपचा शेवटचा सरदार १९२६ साली वारला. वारसांत वाटण्या झाल्या, घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. वाडा रिकामा झाला. तेव्हा घराण्याच्या एका जावयाने मुख्य इमारत विकत घेतली आणि १९३० साली तिथे संग्रहालय सुरू झालं. आज तिथे जुन्या सरदारांच्या काळातल्यासारख्या खोल्या मांडलेल्या आहेत. त्याच परिसरात शेतीचं संग्रहालयसुद्धा आहे.

म्हणजे क्रम कसा झाला बघा. आधी मालकी गेली, मग वस्तू गेल्या, घर रिकामं पडलं आणि मग त्याचं संग्रहालय झालं. जगातल्या बहुतेक वाड्या-राजवाड्यांची हीच कथा आहे. सत्ता संपल्यावर उरलेल्या घरात आपण तिकीट काढून जातो.

आपल्याकडचे वाडे

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. आपला वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. वर्धा शहर त्याहून नवं, पालकवाडी नावाच्या गावाच्या जागी १८६६ च्या सुमारास वसवलेलं. त्याच काळात इंग्रजांनी मध्य प्रांतात जमिनीचा नवा बंदोबस्त केला. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जो माणूस, त्याला गावाचा मालक ठरवलं. तो मालगुजार. सारा सरकारचा, पण त्यातला हिस्सा मालगुजाराचा. गावातली उत्तम जमीन मालगुजाराची. भांडण त्याच्याच ओट्यावर तुटायचं आणि कर्जही त्याच्याच दारात मिळायचं.

मुलांना हे शिकवताना "मालगुजार" हा शब्द अवघड जाईल असं मला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. आपल्या पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. आपल्या गावांतही म्हातारी माणसं एखाद्या घराकडे बोट दाखवून "मालगुजाराचा वाडा" म्हणतातच. स्वातंत्र्यानंतर १९५० सालच्या कायद्याने ही पद्धत बंद झाली आणि १९५१ पासून त्याचा अंमल झाला. मालगुजारी गेली, वाडे उरले. काहींच्या वाटण्या झाल्या, काहींची सागवानी दारं-खांब विकले गेले, काहींत नुसता पिंपळ उगवला. मी ज्या गावात पहिल्यांदा नोकरीला लागले, तिथल्या वाड्याची एक भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी पडायची आणि मुलं तिच्या मातीचे बैल करायची. पोळ्याला उपयोगी पडायची ती माती.

डेन्मार्क आणि वर्धा, दोन्हीकडे गोष्ट एकाच वळणाची आहे. मोठी मालकी, मग कायदा, मग रिकामं घर. पण वर्ध्यात एक घर असं निघालं की ते या वळणावर गेलंच नाही.

शेठजींची बाग

जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ साली राजस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला. घरची परिस्थिती साधारण. वर्ध्याचे श्रीमंत व्यापारी शेठ बच्छराज यांच्या घरात त्यांना लहानपणीच दत्तक घेतलं. कापसाचा व्यापार, जमीन, मालगुजारी असं सगळं घरात होतं. सेगाव या गावची मालगुजारीही जमनालालजींकडेच होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इंग्रज सरकारने त्यांना रायबहादूर पदवी दिली होती. असहकाराच्या चळवळीत त्यांनी ती परत केली. घराण्याने बांधलेलं वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली त्यांनी दलितांसाठी खुलं केलं. त्या काळात हे सोपं नव्हतं. आपल्याच समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

१९३० साली दांडीयात्रेला निघताना गांधीजींनी ठरवलं होतं, की स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमती आश्रमात परत राहायला यायचं नाही. मग राहायचं कुठे? जमनालालजींचा आग्रह होता, वर्ध्याला या. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. खादीसोबत खेड्यातले बाकीचे धंदे, म्हणजे तेलघाणी, कागद, गूळ, चामडं, मधमाशा, हातसडीचा तांदूळ, हे पुन्हा उभे करायचे, हे त्याचं काम. त्यासाठी जागा हवी होती. जमनालालजींनी आपली बाग, त्यातल्या बंगल्यासकट, देऊन टाकली. १९३५ च्या सुरुवातीला गांधीजी तिथे राहायला आले.

इथे थोडं थांबायला हवं. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या घराने, आपला व्यापार आणि आपली मालगुजारी चालू असताना, आपली बाग चरखा आणि घाणी चालवणाऱ्यांना दिली. गामेल एस्ट्रुपसारखं "आता कुणी उरलं नाही, म्हणून संग्रहालय" असं हे नव्हतं. मालक जिवंत होता, सधन होता आणि त्याने स्वतः हात सोडला.

मगन म्हणजे कोण?

आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना वाटत होतं, की मगन म्हणजे "मग्न". तो अर्थ वाईट नाही, पण मगन हे माणसाचं नाव आहे. मगनलाल गांधी. नात्याने गांधीजींचे पुतणे. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींसोबत होते. तिथल्या लढ्याला नाव सुचवा असं आवाहन झालं तेव्हा मगनलालांनी "सदाग्रह" हे नाव सुचवलं आणि गांधीजींनी त्यावरून "सत्याग्रह" केलं. जगभर गेलेल्या या शब्दात त्यांचा वाटा आहे, हे आपण मुलांना सांगायला हवं.

भारतात आल्यावर साबरमती आश्रमाचा सगळा कारभार मगनलालांनी सांभाळला. स्वतः विणकाम शिकले, चरख्यात सुधारणा करत राहिले, इतरांना शिकवलं. १९२८ साली पाटण्यात आजारी पडून ते वारले. गांधीजींना तो फार मोठा धक्का होता. वर्ध्याच्या या बागेला त्यांनी नाव दिलं मगनवाडी. देणाऱ्या शेठजींचं नाही, स्वतःचं नाही, तर हाताने काम करणाऱ्या एका माणसाचं नाव त्या जागेला मिळालं.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं.

बंगल्यात काय चाललं होतं?

मगनवाडीत गांधीजी साधारण सव्वा वर्ष राहिले. त्या काळातलं मगनवाडीचं स्वयंपाकघर म्हणजे एक प्रयोगशाळाच होती. सोयाबीन, कडुनिंबाचा पाला, चिंच, न पॉलिश केलेला तांदूळ असे कितीतरी प्रयोग गांधीजींनी तिथल्या जेवणावर केले. आज आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा किती आहे हे पालकांना वेगळं सांगायला नको. त्या काळी मात्र ते इथे नवलाचंच होतं. जेवणाऱ्यांपैकी सगळ्यांना ते आवडत होतं असं मात्र समजू नका!

जवळच सिंदी नावाचं गाव होतं. तिथले लोक रस्त्याकडेला शौचाला बसत. मगनवाडीतली माणसं, त्यात गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आणि मीराबेनसुद्धा, रोज सकाळी बादल्या आणि फावडी घेऊन ती घाण उचलायला जात. गावकऱ्यांमध्ये लगेच फरक पडला नाही. आपण शाळेत स्वच्छतेच्या मोहिमा घेतो आणि दुसऱ्या दिवशी पटांगणात तेच कागद पाहून निराश होतो, तेव्हा मला ही सिंदीची गोष्ट आठवते.

या सगळ्या कामाची धुरा होती जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे. तमिळनाडूतल्या तंजावरला ख्रिस्ती घरात जन्मलेला हा माणूस लंडनमध्ये हिशेबनीस झाला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला, मुंबईत चांगला चालणारा व्यवसाय होता. तो सोडून ते मगनवाडीत आले आणि वर्षानुवर्षं राहिले. त्यांचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर असं: वस्तू किती स्वस्त मिळाली एवढंच बघू नका. ती करताना कुणाच्या हाताला काम मिळालं, कुणाचं गेलं आणि निसर्गातून घेतलेलं परत भरून येईल की नाही, हेही हिशेबात धरा. हिशेबनिसाचाच हिशेब, फक्त वहीची पानं जास्त.

मगनवाडीतून काही साध्या पण महत्त्वाच्या वस्तू निघाल्या. *मगन दीप* हा रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर चालणारा कंदील. रॉकेल बाहेरून विकत घ्यावं लागे, तेल मात्र गावच्या घाणीवर निघे. *मगन चूल* ही धूर धुराड्यातून बाहेर काढणारी चूल. *मगन चरखा* पायाने चालायचा, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहून दोन चात्यांवर सूत काढता यायचं. आणि *वर्धा घाणी*. बैलाच्या जुन्या तेलघाणीत झवेरभाई पटेल यांनी सुधारणा केल्या. त्याच बैलाने, तेवढ्याच वेळात जास्त तेल निघावं, हा हेतू. वर्ध्याचं नाव देशभरच्या तेल्यांपर्यंत गेलं ते या घाणीमुळे.

३० डिसेंबर १९३८

या आवारात ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. खादी आणि ग्रामोद्योगातली साधनं, त्यांचे नमुने, त्यांत झालेल्या सुधारणा लोकांना एका जागी बघता याव्यात, असं हे संग्रहालय. तारखेकडे लक्ष द्या. तेव्हा घाण्या गावोगाव चालू होत्या. जाती घरोघरी होती. म्हणजे ज्या वस्तू लोक रोज वापरत होते, त्याच इथे मांडल्या. जुन्या झाल्या म्हणून मांडल्या नाहीत, तर नीट बघून सुधाराव्यात म्हणून मांडल्या. आपल्या गावच्या सुताराने इथे यावं, नवी घाणी पाहावी आणि परत जाऊन तशी करावी, असा तो विचार होता. सुतारासाठी असलेलं संग्रहालय!

"शेठजीच्या वस्तू कुठे आहेत?" या प्रश्नाचं उत्तर असं आहे. या संग्रहालयात मालकाच्या वस्तू ठेवायच्याच नव्हत्या. मालकाचं घर वापरलं आणि त्यात कारागिराची साधनं मांडली. गामेल एस्ट्रुपच्या मुख्य वाड्यात आपण सरदाराचं जग बघतो. मगनवाडीत आपण तेली, विणकर, कुंभार आणि सूत काढणाऱ्या बाईचं जग बघतो.

मगनवाडी बंदही पडली नाही. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं, खेड्याला उपयोगी पडेल असं तंत्र शोधायचं हाच त्याचा उद्देश. महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थाही मगनवाडीतच आहे.

दुसऱ्या दोन जागा : सेवाग्राम आणि पवनार

मग सेवाग्राम काय आहे? सहलीत आपण तेच आधी दाखवतो, म्हणून फरक सांगते.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी मगनवाडी सोडून सेगावला गेले. शहरात राहून खेड्याची सेवा होत नाही, असं त्यांना वाटत होतं. सेगाव जमनालालजींच्या मालगुजारीतलं. पण शेगाव या दुसऱ्या गावाच्या नावाशी घोटाळा होऊन टपाल तिकडे जाऊ लागलं, म्हणून १९४० साली सेगावचं सेवाग्राम झालं. तिथली आदी निवास आणि बापू कुटी ही घरं माती, बांबू आणि कवेलू यांची. बापू कुटी आधी मीराबेनची होती. भिंतीवरचे ताडाचे झाड आणि चरखा त्यांनी मातीतच उठवलेले आहेत. २५ ऑगस्ट १९४६ ला गांधीजी सेवाग्रामहून निघाले, ते परत येऊ शकले नाहीत. त्यांची बैठक, चष्मा, तीन माकडं, साप पकडायचा चिमटा, दूरध्वनीची खोली हे सगळं तिथे जपून ठेवलं आहे. ती माणसाची आठवण जपणारी जागा आहे आणि ती तशीच असायला हवी.

पवनारला धाम नदीच्या काठी जमनालालजींचा आणखी एक बंगला होता. तब्येत बिघडल्यावर विश्रांतीसाठी विनोबाजी ७ मार्च १९३८ रोजी तिथे गेले. तो बंगला आश्रमात बदलला आणि १९५९ साली तिथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झालं. जमीन खणताना निघालेल्या जुन्या मूर्ती त्या आश्रमातच ठेवलेल्या आहेत.

एकाच माणसाच्या मालकीतल्या तीन जागा आणि तिन्हींचं काय झालं ते बघा. एका जागी राहणाऱ्याची आठवण जपली गेली, दुसरी साधनेची जागा झाली आणि तिसरी कामाची. मुलांना तिन्ही दाखवाव्यात, पण तीन वेगळे प्रश्न घेऊन दाखवाव्यात.

मुलांनी मला काय शिकवलं

त्या सहलीतला आणखी एक प्रसंग सांगते. घाणीपाशी उभा असलेला चौथीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तं आमच्या आबाकडं होतं. भंगारवाल्याले देल्लं. लाकूड चुलीत गेलं." तो हसत सांगत होता. मला मात्र हसू आलं नाही. त्याच्या घरचं जे सामान चुलीत गेलं, ते बघायला आपण त्याला बस करून चाळीस किलोमीटर दूर आणलं होतं. आणि तो ते "जुनाट" म्हणून बघत होता, "आपलं" म्हणून नाही.

दुसरी गोष्ट कापसाची. आमच्या वर्गात बहुतेक मुलांच्या घरी कापूस आहे. कापूस वेचायच्या दिवसांत हजेरी कमी होते, हे आपल्याला माहीतच आहे. पण कापसाचं कापड कसं होतं, हे त्यांतल्या फार थोड्यांना सांगता आलं. "कापूस जिनिंगमध्ये जातो" इथपर्यंत गोष्ट येते आणि थांबते. मगन संग्रहालयात ती गोष्ट पुढे जाते. तिथे मी मुलांना तोंडी हिशेब घातला. साधारण तीन किलो कापसातून एक किलोच्या आसपास रुई निघते, बाकीची सरकी. सरकीचं तेल होतं, पेंड ढोरांना. रुईचं सूत, सुताचं कापड. आता सांगा, आपल्या गावातून काय बाहेर जातं आणि काय परत येतं? एक मुलगा लगेच म्हणाला, "कापूस जाते अन् सदरा येते!" कुमारप्पांनी पुस्तकांत मांडलेला विचार त्याने एका वाक्यात सांगितला.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. ग्रामोद्योग पूर्वीसारखे परत उभे राहिले नाहीत. तेल पिशवीत आलं, घाण्या गेल्या. मुलांना "जुनं ते सोनं" असं शिकवून भागणार नाही, कारण ते खरं नाही. जात्यावर दळताना आजीच्या हाताला पडलेले घट्टेही खरेच होते. पीठगिरणी आल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. मगनवाडीतल्या माणसांनाही जुनं जसंच्या तसं ठेवायचं नव्हतं, नाहीतर त्यांनी घाणी आणि चूल सुधारलीच नसती. म्हणून मुलांपुढे प्रश्न ठेवायचा तो "जुनं चांगलं की नवं?" असा नाही, तर "यात कष्ट कुणाचे कमी झाले आणि काम कुणाचं गेलं?" असा.

वर्गात काय करता येईल?

आपण शिक्षक आहोत, म्हणून हेही सांगायला हवं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये, २२ आणि २३ तारखेला, वर्ध्यातच शिक्षण परिषद झाली आणि त्यातून नई तालीम पुढे आली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम केला. हाताने काम करता करता शिकायचं, हे त्याचं सूत्र. पुढच्याच वर्षी मगन संग्रहालय उघडलं. दोन्ही गोष्टी एकाच मातीतल्या आहेत. मी केलेले आणि पुढच्या वर्षी करणार असलेले काही उपक्रम देते.

*सहलीच्या आधी*

१. मुलांना घरातली सर्वांत जुनी, पण कामाची वस्तू शोधायला सांगा. देवघरातली किंवा शोभेची नको. पावशी, सूप, तिफणीचं चाडं, सरतं, डवऱ्याची पास, जात्याचा खुंटा, काहीही चालेल. वस्तू शाळेत आणता आली नाही तर चित्र काढून आणा.
२. आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारायला सांगा. ही वस्तू कोणी बनवली? बिघडली तर कोण दुरुस्त करायचं? त्याला मोबदला काय द्यायचे, पैसे की धान्य?

*संग्रहालयात*

३. चाळीस वस्तू दाखवायच्या नादात पडू नका. प्रत्येक गटाला एकच वस्तू द्या. पंधरा मिनिटं तिच्यासमोर बसू द्या. वही काढून चित्र काढू द्या. फिरणारा भाग कोणता, थांबलेला कोणता, जोर कोण लावतं, माणूस की बैल? विज्ञानाचा पाठ तिथेच होतो.
४. प्रत्येक गटाला शेवटी एकच प्रश्न: ही वस्तू वापरणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे का? बहुतेक वेळा उत्तर "नाही" येईल. राजांची नावं पाठ असतात, तेल्याचं नाव नसतं. यावर मुलांना बोलू द्या, आपण गप्प बसू.

*सहलीनंतर*

५. वर्गात एक कोपरा करा. आम्ही "आपला अजब बंगला" नाव दिलं. आणलेल्या वस्तूखाली चिठ्ठी लावायची: वस्तूचं नाव, गावच्या बोलीतलं नाव, कोणी वापरली, आज तिच्या जागी काय आलं. एका मुलीने आजीच्या पाट्याखाली आजीचं नाव लिहिलं. आजी शाळेत येऊन बघून गेली. तिला वाचता येत नव्हतं, नातीने वाचून दाखवलं.
६. मोठ्या मुलांसाठी: गावातल्या जुन्या वाड्याची माहिती काढा. कोणी बांधला, कामाला कोण होते, आज काय स्थिती आहे. वाडा कुणाच्या तरी मालकीचा असतो, म्हणून आधी परवानगी घ्या. पडक्या वाड्यात मुलांना आत नेऊ नका, बाहेरूनच चित्र काढा.

पालकांसाठी थोडंसं

घरातली जुनी वस्तू भंगारात द्यायच्या आधी मुलाला एकदा तिची गोष्ट सांगा. ठेवायला जागा नसेल तर द्या, त्यात काही पाप नाही. पण ती कशी चालायची, कोण चालवायचं, एवढं तरी त्याला कळू द्या. वस्तू गेली तर संग्रहालयात पाहायला मिळेल, आबाची गोष्ट तिथे मिळणार नाही.

त्या मुलीला मी नंतर तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, शेठजींनी आपलं घर दिलं आणि त्यात तुझ्या आजीच्या वस्तू ठेवल्या. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग आजीले पण न्या लागते ना मॅडम, पाहाले."

यंदा आजी-आजोबांसाठी बसमध्ये चार जागा ठेवल्या आहेत.